इटलीची लीग पुन्हा उभी राहील? मला तरी वाटत नाही

नांदेडकर९०
१९९० चा वर्ल्ड कप मामाच्या घरी दूरदर्शनवर बघितला. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं, राहू दे!" तिथून इटलीच्या फुटबॉलचं खूळ डोक्यात शिरलं. मॅराडोना नापोलीत, गुलिट-व्हॅन बास्टन-रायकार्ड मिलानमध्ये. १९८९ ते १९९८, युरोपियन कपच्या (आताची चॅम्पियन्स लीग) दहापैकी नऊ फायनलला इटलीचा क्लब होता. आणि २०१० ला इंटरनं, म्हणजे मिलान शहरातल्या दुसऱ्या क्लबनं, चॅम्पियन्स लीग घेतली, त्यानंतर तो कप इटलीत गेलाच नाही.
माझं म्हणणं, हे सगळे क्लब मालकाच्या खिशावर जगले. पार्मा क्लबच्या मागं दुधाची कंपनी होती, पार्मालाट. १९९५ आणि १९९९ ला यूएफा कप, म्हणजे आताची युरोपा लीग, जिंकले. २००३ ला कंपनी बुडाली. २०१५ मध्ये तर मैदानावरच्या बंदोबस्ताला पैसे नाहीत म्हणून घरची मॅच पुढं ढकलली. साखर कारखाना बंद पडल्यावर गेटवर बसलेले कामगार बघितलेत ना? तसंच.

रात्रपाळी_लातूर
काका, पार्माचं पुढचं कामून सांगितलं नाही? चौथ्या डिव्हिजनमधून सुरुवात करून लागोपाठ तीन बढत्या, २०१८ ला परत सेरी आ, म्हणजे इटलीची सगळ्यात वरची लीग. मेलेला माणूस असा चालत येत नाही.
२०२५ ची इंटर-बार्सिलोना सेमीफायनल मी ड्युटीवर मोबाइलवर बघितली. ९३ व्या मिनिटाला ३७ वर्षांच्या अचेर्बीनं, म्हणजे डिफेंडरनं, गोल मारला. मी ओरडलो तर वॉचमन काठी घेऊन पळत आला.

गोदाकाठ
आणि फायनलला पॅरिसच्या पीएसजीकडून ५-० खाल्ले, ते सांगायचं राहिलं वाटतं 😄
मालक-बिलक सोडा. खरी कीड २००६ ची. कोणत्या मॅचला कोणता पंच, हे फोनवर ठरायलं होतं. युव्हेंटसची दोन जेतेपदं गेली, क्लब खालच्या डिव्हिजनला. तिथं विश्वास उडाला.

नांदेडकर९०
मग २००७ ला मिलान आणि २०१० ला इंटर युरोपात जिंकले कसे? घोटाळा लाजिरवाणा होता, पण लीग त्यानं बुडाली नाही. मैदानं बघा. तुरिनचं देल्ले आल्पी १९९० च्या वर्ल्ड कपसाठी बांधलं आणि मधी धावायचा ट्रॅक घातला. प्रेक्षक इतके लांब की खेळाडूचा नंबर दिसंना. युव्हेंटसनं ते पाडून त्याच जागी २०११ ला स्वतःचं बांधलं आणि २०१२ ते २०२० सलग नऊ वेळा लीग जिंकली.

औसा_रोड
नापोली २०२३ आणि २०२५ ला चॅम्पियन झाली ती महापालिकेच्या जुन्या मैदानावरच की! आणि अटलांटा? त्या क्लबचं बर्गामो गाव आपल्या परभणीच्या निम्मंसुद्धा नाही. २०२४ ला युरोपा लीगच्या फायनलमध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेनला ३-० हाणलं.

नांदेडकर९०
अटलांटानं स्वतःचं मैदान २०१७ लाच विकत घेतलंय. माझ्याच बाजूनं बोलायलाव तुम्ही.

गोदाकाठ
नापोलीचंच घ्या. मँचेस्टर युनायटेडनं सोडलेला मॅकटॉमिने इथं येऊन सीझनचा बेस्ट खेळाडू ठरला. लीगची पत यावरून कळते.

रात्रपाळी_लातूर
किंवा त्याला नीट वापरणारा कोच इथं भेटला असं म्हणा. कोंतेनं त्याला पुढं सोडलं, त्यानं गोल केले.
मिलानच्या सॅन सिरो मैदानाची बातमी वाचली का? २०२५ ला मिलान महापालिकेनं ते मिलान आणि इंटर दोघांना विकायला मंजुरी दिली. नवं बांधणार म्हणे.

नांदेडकर९०
वाचली. किती वर्षं नुसत्या बैठका चालल्या होत्या! नवं उभं राहीपर्यंत माझी पोरगी कॉलेजात जाईल. आता तिसरीत आहे.