शंभर तासांची तपासणी झाली असल्यास वार्षिक तपासणी वेगळी करावी लागते का?

निळाई:

टेक्सासमध्ये राहणाऱ्या आम्ही चौघांनी मिळून एक जुने सेस्ना 172 घेतले आहे. ते आम्ही हौसेसाठी उडवतो, भाड्याने देत नाही. चौघांपैकी एकाचे प्रशिक्षण अजून चालू असून त्यासाठी एका प्रशिक्षकांना मानधन देऊन आम्ही याच विमानात शिकवायला बोलावतो. मागील वार्षिक तपासणी गेल्या वर्षी 14 मार्चला झाली. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकांकडे ए अँड पी (एअरफ्रेम अँड पॉवरप्लांट, म्हणजे विमानाचा सांगाडा व इंजिन) प्रमाणपत्र आहे. त्यांनी या जानेवारीत शंभर तासांची (दर शंभर उड्डाणतासांनी होणारी) तपासणी करून लॉगबुकात तशी नोंद केली. दोन्ही तपासण्यांत पाहायच्या बाबी सारख्याच असतात, असे ते सांगतात. तसे असेल तर दोन महिन्यांत पुन्हा तेच सगळे उघडून पाहण्याचा खर्च टाळता येईल का? शिवाय पॅनेल उघडणे, तेल बदलणे यांसारखी कामे आम्ही स्वतः केली तर चालेल का?

रिव्हेट:

मी याच व्यवसायात आहे आणि वार्षिक तपासणीवर सही करण्याचा अधिकार, म्हणजे इन्स्पेक्शन ऑथरायझेशन (आयए), माझ्याकडे आहे. आपले मेकॅनिक सांगतात ते खरे आहे: एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमावलीतील भाग 43 चे परिशिष्ट डी दोन्ही तपासण्यांना सारखेच लागू होते. फरक आहे तो सही कोणाची चालते यात. शंभर तासांच्या तपासणीवर ए अँड पी मेकॅनिक सही करू शकतो. वार्षिक तपासणी मात्र आयए असलेल्या मेकॅनिकने, किंवा तसे अधिकार असलेल्या दुरुस्ती केंद्राने, करावी लागते. त्यामुळे वार्षिक तपासणी शंभर तासांच्या तपासणीच्या जागी धरता येते, पण उलट धरता येत नाही. जानेवारीतील नोंद कितीही काळजीपूर्वक केलेली असली, तरी या 31 मार्चनंतर विमान जमिनीवरच राहील. मुदत कॅलेंडर महिन्यांनी मोजतात, म्हणून ती 14 तारखेला न संपता महिनाअखेरीस संपते, एवढाच काय तो दिलासा.

आता थोडे कटू सांगतो. आपल्या वर्णनावरून जानेवारीतील तपासणीची कायद्याने गरजच नव्हती. नियम 91.409 नुसार ती दोन प्रसंगी लागते: भाडे घेऊन माणसे नेली जात असतील तेव्हा, किंवा मोबदला घेऊन शिकवणारी व्यक्ती स्वतःच विमान पुरवत असेल तेव्हा. आपल्याकडे विमान मालकांचे आहे आणि प्रशिक्षक केवळ शिकवायला येतात. अर्थात दर शंभर तासांनी इंजिन नीट पाहून घेणे शहाणपणाचे आहे, पण ते ऐच्छिक आहे हे ठाऊक असते, तर हाच खर्च आपण मार्चमध्ये आयएकडून वार्षिक तपासणी करून घेण्यासाठी राखला असता.

स्वतः करायच्या कामांविषयी: तेल बदलणे, टायर बदलणे, स्पार्क प्लग काढून साफ करणे, दिव्याचा बल्ब बदलणे ही कामे परिशिष्ट ए मधील प्रतिबंधक देखभालीच्या यादीत येतात. किमान खाजगी वैमानिक प्रमाणपत्र असलेला मालक ती करून स्वतःच्या सहीने नोंद करू शकतो. प्रशिक्षण चालू असलेल्या भागीदाराला मात्र तशी सही करता येणार नाही. पॅनेल उघडणे आणि ग्रीस भरणे मेकॅनिकच्या देखरेखीखाली करता येते, फक्त तो तिथे प्रत्यक्ष उपलब्ध हवा. पण तपासणी ही देखरेखीखाली दुसऱ्याकडून करून घेण्याची गोष्ट नाही. आयएने स्वतः डोळ्यांनी पाहायचे असते, आणि तो चहा पीत बसून तुमच्या सांगण्यावर सही करत असेल, तर त्या सहीवर विसंबून राहू नका.

उत्तररात्र:

मार्चअखेर वेळ मिळाला नाही, तरी दहा तासांची सवलत असते ना? आमच्या फ्लाइंग क्लबात ती नेहमी वापरतात.

रिव्हेट:

ती सवलत शंभर तासांच्या तपासणीसाठी आहे, तीही तपासणीच्या ठिकाणी पोहोचण्यापुरती, आणि वापरलेले जादा तास पुढच्या शंभरात मोजले जातात. वार्षिक तपासणीची मुदत संपली, की विमान हलवण्यासाठी विशेष उड्डाण परवाना घ्यावा लागतो.

पंखा:

मी मुंबईत एएमई (विमान देखभाल अभियंता) आहे, त्यामुळे अमेरिकेची पद्धत बाहेरून पाहतो. आपल्याकडील विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या सीएआर-66 या नियमाखाली परवाना बी1, बी2 अशा श्रेणींत मिळतो; पहिली यांत्रिक भाग व इंजिनासाठी, दुसरी एव्हियॉनिक्ससाठी, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी. मोठ्या विमानांवर सही करायची तर परवान्यावर त्या विमानप्रकाराची नोंदही लागते. ए अँड पी प्रमाणपत्रावर प्रकाराची अशी नोंद नसते, हे पाहून आमच्यातील अनेकांना तो परवाना फारच मोकळा वाटतो. माझे मत वेगळे आहे. तेथील नियम 65.81 नुसार जे काम आधी कधी समाधानकारकपणे केलेले नाही, त्याची जबाबदारी मेकॅनिकला एकट्याने घेता येत नाही, आणि उपकरणांची दुरुस्ती तर त्याच्या कक्षेबाहेरच आहे. बंधन आहे, पण ते परवान्यावर छापलेले नसून मेकॅनिकच्या अनुभवाच्या नोंदींत आहे. आणि माझ्या मते तेच अधिक अवघड, कारण तेथे प्रामाणिकपणा गृहीत धरलेला आहे.

येथून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी: आपला परवाना आपोआप बदलून मिळत नाही. एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट या दोन्हींसाठी किमान 30 महिन्यांचा अनुभव कागदोपत्री दाखवावा लागतो, आणि त्यानंतर लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा द्याव्या लागतात. आयए त्याहून पुढचे. दोन्ही रेटिंगसह प्रमाणपत्र किमान तीन वर्षे हाती हवे, आणि त्यांपैकी शेवटची दोन वर्षे प्रत्यक्ष कामात गेलेली हवीत.

निळाई:

दोघांचेही आभार. एक शंका राहते. आयएने दोष काढले आणि त्यांचा दर आम्हाला परवडला नाही, तर विमान त्यांच्याच हँगरमध्ये अडकून पडेल का?

रिव्हेट:

नाही. तपासणी आणि दुरुस्ती यांची नोंद वेगळी होते. विमान उड्डाणयोग्य नाही असे ठरले, तर आयए लॉगबुकात तशी नोंद करतो आणि दोषांची सही व तारीख असलेली यादी मालकाला देतो. वार्षिक तपासणी तेथेच पूर्ण होते. यादीतील दोष आपले नेहमीचे ए अँड पी मेकॅनिक दूर करून सही करू शकतात, आणि त्यासाठी दुसऱ्या वार्षिक तपासणीची गरज नसते. दोष मोठ्या दुरुस्तीच्या स्वरूपाचा असेल, उदाहरणार्थ पंखातील स्पारचा (मुख्य आधार-तुळईचा), तर काम कोणीही पात्र मेकॅनिक करो, त्यानंतर मोठ्या दुरुस्तीच्या नोंदीसाठीच्या फॉर्म 337 वर आयएची मंजुरी लागेल. दुरुस्ती दुसऱ्या विमानतळावर करायची असल्यास पुन्हा विशेष उड्डाण परवाना आलाच.

मेकॅनिक निवडताना त्यांचे इन्स्पेक्शन ऑथरायझेशन चालू आहे ना, हे विचारून घ्या. ते प्रत्येक विषम वर्षी 31 मार्चला संपते, आणि आपल्या विमानाची मुदतही त्याच तारखेला संपते.