तान्ह्या बाळाला किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त डोस? मदत हवी, अर्जंट

घाईतला_मामा: बहिणीचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आहे, पायात रक्ताची गुठळी झालीय. एनॉक्सापॅरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) चालू आहे. गेल्या वर्षी बाबांच्या पोटरीत गुठळी झाली तेव्हा हेच इंजेक्शन होतं, ६० मिग्रॅ दिवसातून दोनदा. बाबा ६० किलोचे. बाळाला ३ मिग्रॅ देतायत! हिशेब करा. डॉक्टर आता उद्या सकाळीच भेटणार. पटकन सांगा.

कोकणकडा: हिशेब कशाच्या जोरावर करू? बाळाचं वजन? वय?

घाईतला_मामा: २ किलो. ११ दिवस. बाकी सगळं नॉर्मल.

निशिगंध: बाकी नॉर्मल बाळ ११ दिवस एनआयसीयूत कशाला ठेवतील, दादा? लाइन (शिरेत ठेवायची नळी) घातलीय का कुठे?

घाईतला_मामा: हो, मांडीतून. ३५ आठवड्यांचं आहे, इन्फेक्शन होतं. त्याचा काय संबंध?

निशिगंध: अहो, तोच तर संबंध! तान्ह्यांच्या बहुतेक गुठळ्या लाइनपाशीच होतात.

अण्णा_६८: मला १९९८ला अटॅक आला तेव्हा स्ट्रेप्टोकायनेज दिलं, गुठळी विरघळली, आजही रोज पर्वती चढतो. बाळालाही तेच द्यायला सांगा. पातळ करायच्या औषधाने नुसता वेळ जातो.

पॅथवाली: अण्णा, थांबा. स्ट्रेप्टोकायनेज काय किंवा अल्टेप्लेज काय, ही औषधं स्वतः गुठळी खात नाहीत. रक्तातल्या प्लास्मिनोजेनचं प्लास्मिन करतात आणि ते प्लास्मिन गुठळी तोडतं. औषध म्हणजे काडी, प्लास्मिनोजेन म्हणजे सरपण. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळातही हे सरपण मोठ्यांच्या साधारण निम्मं असतं, दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत आणखी कमी. असतं तेही ओलसर: त्यावरच्या साखरेच्या साखळ्या वेगळ्या, त्यामुळे प्लास्मिन सावकाश होतं. उलट प्लास्मिनला अडवणारं अँटिप्लास्मिन जवळजवळ मोठ्यांइतकं. म्हणून गरज पडली तर अल्टेप्लेजसोबत फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा (दात्याच्या रक्तातला गोठवून ठेवलेला द्रव) देतात, सरपण पुरवायला. पण कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. पाय किंवा एखादा अवयव जायची वेळ आली तरच हा मार्ग. मामा, पाय काळानिळा किंवा गार पडलाय का?

घाईतला_मामा: सुजलाय, पण गरम आहे. माझा प्रश्न डोसचा होता!!

पॅथवाली: त्यावरच येते. एनॉक्सापॅरिन अँटिथ्रॉम्बिनच्या (रक्तातलं गुठळी रोखणारं प्रथिन) आधाराने काम करतं आणि तेही तान्ह्यांत कमीच. म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना किलोला १.५ मिग्रॅने सुरुवात करतात, मोठ्यांना १ ने. तुमचे ३ त्यात बसतात. खरा डोस अँटी-टेन-ए तपासणीवर (औषधाचा रक्तातला असर मोजतात ती) ठरतो. ती कधी आहे ते विचारा.

कोकणकडा: हे आकडे आले कुठून? तान्ह्यांचं रक्त तपासायला काढतात तरी किती!

पॅथवाली: हॅमिल्टनला, कॅनडात. मॉरीन अँड्र्यू यांच्या गटाने १९८७ साली निरोगी बाळांच्या रक्तातले हे घटक पहिल्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत मोजले.

रानजाई: मुळात जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन टोचतात ना, त्यानेच गुठळ्या होतात. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

निशिगंध: ते रक्तस्राव होऊ नये म्हणून असतं, ताई. कमी असतं तेवढंच भरून निघतं. ग्रुप सोडा.

अण्णा_६८: बरं, खोबरेल कोमट करून मालिश तरी करा.

निशिगंध: त्या पायाला अजिबात नको!! गुठळी सुटून वर गेली तर?

सोलापुरी_चादर: अवांतर: नाळेचं रक्त बँकेत ठेवलं तर फायदा होतो का? मुलगी सातव्या महिन्यात आहे.

कोकणकडा: वेगळा धागा काढा.

घाईतला_मामा: सिस्टरना विचारलं. अँटी-टेन-ए आजच आहे, संध्याकाळच्या डोसनंतर चार तासांनी. एवढंसं औषध सिस्टर आधी पातळ करून घेतात, मग छोट्या सिरिंजमध्ये भरतात, मी काचेतून बघितलं. आणि मालिशचं राहू दे, आमच्या आईने सुजलेल्या पायालाच काळा दोरा बांधला होता. सिस्टरने कापून हातात दिला. आई बाहेर बाकावर रुसून बसलीय.