विषय: स्नेल पण गेला, आता या थंडीत जायंट्स कोणाला आणणार?

फ्रीमाँटहून, २७ नोव्हेंबर २०२४

मंडळी नमस्कार,

उद्या थँक्सगिव्हिंग, अर्धे लोक टाहोच्या रस्त्यावर असतील, तरी लिहितोय कारण काल रात्रीपासून चैन नाहीये. आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा, बेसबॉलमधला पिचर (बॉल टाकणारा) ब्लेक स्नेल लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे चाललाय, पाच वर्षं, १८२ मिलियन डॉलर. मार्चमध्ये आपल्याकडे आला तेव्हा स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) संपत आलेलं, पहिल्या सहा मॅचमध्ये एकही विजय नाही, तीन पराभव आणि ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) ९.५१, आणि मग जुलैत दुखापतीतून परत आला तो वेगळाच माणूस, १४ मॅचमध्ये ईआरए १.२३, मध्ये २ ऑगस्टला सिनसिनाटीत नो-हिटर, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. करारात एका वर्षानंतर बाहेर पडायची मुभा होती, ती त्याने वापरली, त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण गेला कुठे, तर जे आत्ताच वर्ल्ड सिरीज जिंकलेत त्यांच्याकडेच.

हे आपल्या मेल लिस्टवर का, तर पुढच्या सीझनच्या ग्रुप तिकिटांचं क्रीडा समितीला लवकरच ठरवायचंय, आणि गेल्या वेळी तिघाचौघांनी मला सरळ विचारलं की अरे बघायला जायचं ते कोणासाठी? ८० जिंकल्या, ८२ हरल्या, आपल्या गटात चौथा नंबर. प्रश्न बरोबर आहे.

२०१० ते २०१४ मध्ये तीन वर्ल्ड सिरीज बघितलेले आपण लोक. त्यानंतरचे हिवाळे आठवा. २०१९ ला मोठा बॅटर ब्राइस हार्पर आपल्याऐवजी फिलाडेल्फियाच्या फिलीजकडे. २०२२ ला ॲरन जज, लिंडनचा मुलगा, स्टॉकटनच्या शेजारचा, लहानपणी जायंट्सचाच फॅन, एका रिपोर्टरने तर ट्वीटही टाकलं की जज जायंट्सकडे निघालाय, काही मिनिटांत ते मागे घेतलं आणि जज ३६० मिलियनला यांकीजमध्येच राहिला. त्याच महिन्यात कार्लोस कोरेया. १३ वर्षं ३५० मिलियन ठरलं, पत्रकार परिषदेचा दिवस ठरला, आणि त्याच दिवशी सकाळी मेडिकलवरून सगळं थांबलं. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, शाळेतून आला तो थेट विचारत आला की बाबा त्याने जर्सी घातली का, आणि मला त्याला सांगावं लागलं की नाही रे, त्याचा पाय. पुढच्या वर्षी जपानी स्टार शोहेई ओटानी, तो डॉजर्सकडे. आपणही जवळपास तेवढीच ऑफर दिली होती हे तेव्हाचे आपले टीम-प्रमुख झैदींनी नंतर सांगितलं. मग जपानी पिचर यामामोतो, तोही डॉजर्स.

आता झैदी गेले, त्यांच्या जागी आपलाच जुना खेळाडू बस्टर पोझी आलाय. मला मनापासून वाटतं यंदा वेगळं होईल, पण नक्की काय वेगळं व्हायला हवं ते जरा बोलूया का?

सनीवेलचे काका, २८ नोव्हेंबर

तुझी मेल सकाळी चहाबरोबर वाचली. मी बेसबॉल तुमच्याइतका बघत नाही, माझा जीव क्रिकेटात, त्यामुळे विचारतो. परवाच जेद्दाला आयपीएलचं ऑक्शन झालं, मी दोन्ही दिवस पहाटे उठून बघितलं, पंत २७ कोटींना लखनौकडे, आपला श्रेयस २६.७५ ला पंजाबकडे. प्रत्येकाकडे १२० कोटी, ज्याने पाटी शेवटपर्यंत वर ठेवली त्याचा खेळाडू. मग जायंट्सकडे पैसा आहे, तूच म्हणतोस ऑफरही तेवढीच दिली, तर खेळाडू हातातून जातो कसा?

फ्रीमाँटहून, २९ नोव्हेंबर

> ऑफरही तेवढीच दिली, तर खेळाडू हातातून जातो कसा?

काका, तुम्ही बरोब्बर तिथेच बोट ठेवलंत. ऑक्शनमध्ये खेळाडूला कोणी विचारत नाही. हातोडा पडला की संपलं, लखनौ तर लखनौ. इथे उलटं आहे. पहिली सहा वर्षं मेजर लीगमध्ये भरेपर्यंत खेळाडू टीमच्या ताब्यात, टीमने ट्रेड केलं तर सामान उचलून जायचं, पगारही सुरुवातीला टीम म्हणेल तोच. सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठे राहायचं ते तो स्वतः ठरवतो. हा हक्कसुद्धा १९७० च्या दशकात भांडून मिळवलेला आहे. त्यामुळे एजंट सगळ्यांच्या ऑफर टेबलावर मांडतो आणि मग बायको कुठे रमेल, मुलांची शाळा, हवामान, मैदान, टीम जिंकणार का, सगळं बघितलं जातं. दोन ऑफर सारख्या असल्या की पैसा बाजूलाच पडतो आणि आपण नेमके तिथे हरतो.

आणि प्रमाण बघा, पंतचे २७ कोटी म्हणजे साधारण ३.२ मिलियन डॉलर. इथे पगारावर कॅपही नाही, एक लक्झरी टॅक्सची रेषा आहे, पुढच्या वर्षी २४१ मिलियन, तिच्यावर गेलात तर दंड भरा आणि खुशाल जा.

सॅन रमोनहून, २९ नोव्हेंबर

दादा, पैसा बाजूला पडतो हे पटलं, पण कारणं जरा नीट बघू. दर वेळी कोणीतरी म्हणतं कॅलिफोर्नियाचा टॅक्स. आमच्या ऑफिसात निम्मे लोक ऑस्टिनला गेले त्यामुळे आपल्याला ते पटकन पटतं. पण डॉजर्स काय नेवाडात खेळतात? त्यांनाही तोच टॅक्स, आणि ओटानीने ७०० पैकी ६८० मिलियन २०३४ पासून पुढे घ्यायचे ठरवले, वर्षाला सध्या फक्त २ मिलियन. म्हणजे टॅक्स अडतच असेल तर त्यातून वाट निघते.

मग शहर. पोझीने स्वतः गेल्या डिसेंबरमध्ये सांगितलं होतं की ओटानीकडच्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या परिस्थितीबद्दल, गुन्हे ड्रग्ज वगैरे, शंका होती. मला ते वाचून फार लागलं, मी गेली अठरा वर्षं शहरात कामाला जाते, मुलांना घेऊन एम्बार्काडेरोवरून चालत पार्कवर जाते. पण लागलं तरी तो माणूस खरं बोलला आणि आता तोच खुर्चीवर आहे, हे मला आशेचं वाटतं.

माझ्या मते खरं कारण आपलं मैदान आहे. उजवीकडची भिंत २४ फूट, जायंट्सचा जुना महान खेळाडू विली मेज याच्या २४ नंबरासाठी, दिसते फार सुंदर आणि त्यापलीकडे लगेच पाणी, पण उजव्या-मधल्या कोपऱ्यात कुंपण ४१५ फुटांवर, २०२० च्या आधी तर ४२१ होतं, आणि संध्याकाळी खाडीवरचा गार वारा सुटला की बॉल तिथे हवेतच थकतो. डावखुऱ्या बॅटरचे मोठे फटके त्याच बाजूला जातात, त्याने तिथे का यावं सांगा? आपल्या बॅरी बाँड्सची गोष्ट वेगळी, त्याने ३५ बॉल थेट खाडीत टाकले, पण २००४ मध्ये त्याचे ४५ होम रन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) झाले त्यानंतर २०२४ पर्यंत, वीस वर्षं, जायंट्सच्या एकाही खेळाडूने एका सीझनमध्ये ३० मारलेले नाहीत. एकाही. प्रत्येक एजंटला हा आकडा पाठ असणार.

म्हणून मी म्हणते बॅटरच्या मागे धावणं सोडा. जे मैदान बॅटरला नको असतं तेच पिचरला हवं असतं. कॉर्बिन बर्न्स आणा. बेकर्सफील्डचा मुलगा, कॉलेज आमच्या टेकडीपलीकडे मोरागाला सेंट मेरीज. साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, जिंकलेला. आपला पिचर लोगन वेब, त्याच्या जोडीला बर्न्स, विचार करा.

प्लेझंटनहून, ३० नोव्हेंबर

काका, ताई, मी सहसा फक्त वाचते पण आता राहवत नाहीये. (मराठी शाळेत तुम्ही दोघांनी मला शिकवलंय, चुका झाल्या तर समजून घ्या.)

बर्न्स मलाही आवडेल, पण शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी) कोण? मी प्लेझंटनमध्ये वाढले, ब्रँडन क्रॉफर्डच्या गावात, माझ्यासाठी शॉर्टस्टॉप म्हणजे तोच, त्याच्यासारखी आमची सगळी गल्ली टेनिस बॉल गॅरेजवर मारून पकडायची. तो २०२३ नंतर गेला आणि ती जागा अजून रिकामी आहे. तिथे खेळलेल्या फिट्झजेराल्डने यंदा छान केलं, पण तो सेकंड बेसला जास्त बरा वाटतो मला.

विली अदामेस फ्री एजंट आहे. २९ वर्षांचा, मिलवॉकीसाठी यंदा ३२ होम रन, ११२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा), २१ स्टील (पळून चोरलेले बेस). त्या होम रनपैकी १३ तर थ्री-रन, एका फटक्यात तीन धावा, केन ग्रिफी ज्युनियरच्या १९९६ च्या रेकॉर्डची बरोबरी. आणि ताई, तो उजव्या हाताने मारतो! तुमची ती भिंत त्याच्या समोर येतच नाही फारशी. ताकदवान डावखुरा आणून त्याला तिकडे लढायला लावण्यापेक्षा या मैदानाला चालेल असा माणूस आणणं सोपं नाही का?

अजून एक म्हणजे त्याचे टीममेट त्याच्याबद्दल ज्या प्रेमाने बोलतात ते ऐका. आपल्या डगआउटमध्ये तसं बोलणारं, हसणारं कोणीतरी हवंय. यंदा मी बाराएक मॅचला गेले, फार शांत होती टीम.

फ्रीमाँटहून, १ डिसेंबर

वा, मराठी अगदी नीट आहे तुझं, काळजी करू नकोस, लिहीत जा.

तुझ्या मेलनंतर मी जुनं सगळं परत आठवून बघितलं की जायंट्सकडे आपणहून आलेले किंवा राहिलेले मोठे खेळाडू कोण. १९९२ च्या डिसेंबरमध्ये बाँड्स आला, सहा वर्षं ४३.७५ मिलियन, तेव्हा ते सगळ्यांना वेड वाटलं होतं. तो सॅन कार्लोसमध्ये वाढलेला, वडील बॉबी बाँड्स जायंट्सकडून खेळलेले, विली मेज त्याचे गॉडफादर. म्हणजे तो घरीच आला. यंदाचा थर्ड बेसवरचा मॅट चॅपमन बघा, मार्चमध्ये आला तो जरा नाइलाजानेच, ५४ मिलियनवर, कारण बाजारात हवी तशी ऑफर नव्हती, पण त्याला बे एरिया माहीत होता, ओकलंडला वर्षं काढलेली, मॅनेजर मेल्विन तेव्हापासूनचे ओळखीचे, आणि सप्टेंबरमध्ये तो आणखी सहा वर्षांसाठी १५१ मिलियनवर राहिला. तो करार पोझीने स्वतः बसून जमवला. बाहेर पडायची मुभा चॅपमनलाही होती आणि स्नेललाही. एक राहिला, एक गेला.

पिचर बॅरी झिटोही आठवला. २००६ च्या शेवटी १२६ मिलियन, पुढची वर्षं लोकांनी त्याला किती बोल लावले, आणि मग २०१२ ला सेंट लुईसमध्ये गेम फाइव्ह, हरलो असतो तर घरी, तिथे हाच उभा राहिला, आणि नंतर वर्ल्ड सिरीजची पहिली मॅचही त्यानेच जिंकून दिली. म्हणून मी कराराचा हिशोब दोन वर्षांत मांडत नाही.

आतापर्यंत आपण दर हिवाळ्यात बाजारातलं सगळ्यात मोठं नाव धरायचो आणि बाकीचे खेळाडू तोवर निघून जायचे. यंदा ते नाव बॅटर हुआन सोटो आहे. मला सोटो नकोय. म्हणजे आला तर कोणाला नको, पण त्याची वाट बघत बसायला नकोय. चॅपमनच्या शेजारी अदामेस उभा राहिला तर मैदानाची डावी बाजू पुढची पाचसहा वर्षं बंद. ताई, बर्न्सही हवाच, पण आधी हा.

अडचण एक. त्याच्या मिलवॉकी ब्रूअर्सने त्याला २१.०५ मिलियनची क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाची, ठरलेल्या रकमेची) दिली होती, ती त्याने नाकारली. त्यामुळे जी टीम त्याला घेईल तिचे ड्राफ्ट पिक (नवीन पोरं निवडायचे हक्क) जाणार, आणि आपण यंदा लक्झरी टॅक्सच्या रेषेवर गेल्यामुळे आपले दोन जातील, दुसरा आणि पाचवा राऊंड. स्नेल आणि चॅपमनसाठी गेल्या वेळीही दोन दिलेच होते. लहान पोरं तयार व्हायला हवीत तर हे असं फार काळ चालणार नाही, एवढं मात्र मला खुपतं.

फ्रीमाँटहून, ७ डिसेंबर, संध्याकाळी

अदामेस!!! सात वर्षं, १८२ मिलियन!

जायंट्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. याआधीचा सगळ्यात मोठा कोणाचा होता माहितेय, स्वतः पोझीचा, १६७ मिलियन. स्वतःचा आकडा त्याने स्वतः मोडला. आणि १८२ हाच आकडा अकरा दिवसांपूर्वी स्नेलच्या नावापुढे वाचून मी इथे रडत लिहिलं होतं.

मुलाला सांगितलं तर म्हणाला, बाबा, मेडिकल झालं का? आता अकरा वर्षांचा आहे तो. म्हटलं नाही, अजून नाही. मग म्हणाला, झालं की सांग.

सॅन रमोनहून, ८ डिसेंबर

खूप आनंद झाला, खरंच. प्लेझंटनच्या आमच्या विद्यार्थिनीचं पहिलं अभिनंदन! आज सोटोचंही कळलं, न्यूयॉर्कचे मेट्स, १५ वर्षं ७६५ मिलियन. सनीवेलच्या काकांनी फोन करून विचारलं की आकडा वाचताना माझी काही चूक होतेय का, म्हटलं नाही काका, बरोबर वाचलंत.

बर्न्स मी अजून सोडलेला नाही. उद्यापासून डॅलसला विंटर मीटिंग्ज आहेत, सगळ्या टीम आणि एजंट तिथे भेटतात.

फ्रीमाँटहून, १३ डिसेंबर

मेडिकल पास. पत्रकार परिषद झाली, जर्सी घातली, दोन नंबर. शाळेतून आणायला गेलो तेव्हा गाडीत बसायच्या आधीच फोटो दाखवला, तर त्याने फोन हातातून घेऊन फोटो मोठा करून बघितला, बटणं लागलीत का ते.

ग्रुप तिकिटांचा फॉर्म रविवारी टाकतो. लेफ्ट फील्डच्या बाजूचे सेक्शन मागणार आहे, म्हणजे चॅपमन आणि अदामेस जवळून दिसतील. बारा वर्षांखालच्या मुलांचा आकडा वेगळा लिहा, आणि रात्रीच्या मॅचला येणाऱ्यांनी जॅकेट आणा, ताईंनी लिहिलाय तो वारा खराच आहे.