गाडीच्या मीटरमधील हिरवा प्रकाश बदलून निळा करता येईल का?

भांडुपकर

नमस्कार. माझ्याकडे 2009 सालची लहान पेट्रोल गाडी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून तिची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढवून घेतली असल्याने ती एवढ्यात विकायची नाही. हल्ली पार्किंग लाइट लावल्यावर स्पीडोमीटरचा डावा भाग अंधारातच राहतो, त्यामुळे मागचा एखादा बल्ब गेला असावा. मीटर काढावा लागणारच आहे, तर मूळच्या हिरव्याऐवजी निळा प्रकाश करून घ्यावा, असे मनात आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका दुकानदाराने निळे एलईडी बल्ब दाखवले आणि केवळ बल्ब बदलले की रंग बदलतो, असे सांगितले. हे खरे आहे का? रात्री ही गाडी बहुतेक वेळा साठी ओलांडलेले माझे वडील चालवतात, त्यामुळे आकडे स्पष्ट दिसणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

चक्रधर

दुकानदाराचे म्हणणे काही गाड्यांपुरतेच खरे आहे. आपल्या मीटरमध्ये हिरवा रंग नेमका कोठून येतो, हे पाहिल्याखेरीज बल्ब विकत घेऊ नका. त्या काळातील लहान गाड्यांच्या मीटरमागे बहुधा टी-10 किंवा टी-5 मापाचे, चपट्या काचेच्या बुडाचे साधे बल्ब असतात आणि होल्डर थोडा फिरवला की ते त्याच्यासकट बाहेर येतात. या बल्बांचा स्वतःचा प्रकाश पिवळसर पांढराच असतो. तो हिरवा होतो तो बल्बवर चढवलेल्या रंगीत रबरी टोपीमुळे, डायलमागच्या पातळ रंगीत फिल्ममुळे किंवा आकड्यांच्या पारभासक छपाईमुळे. टोपी असेल, तर ती काढून हव्या त्या रंगाचा बल्ब बसवता येतो आणि काम खरोखरच तेवढ्यावर भागते. फिल्म किंवा छपाई हिरवी असेल, तर निळ्या एलईडीचा बराचसा प्रकाश तिथेच अडेल, कारण रंगीत एलईडी वर्णपटाच्या एका अरुंद पट्ट्यातलाच प्रकाश देतो. लाल एलईडी लावला, तर आकडे जवळजवळ दिसेनासे होतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. मीटर बाहेर काढल्यावर एक होल्डर काढा आणि त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च आत पाडा. समोरून आकडे हिरवे दिसले, तर रंग डायलमध्येच आहे. मग ती फिल्म काढण्यासाठी काटे उपटून डायल उचलावी लागते, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की हौसेखातर ते करू नये. काटा परत बसवताना किंचित जरी सरकला, तरी वेग चुकीचा दिसू लागतो, आणि तो रोजच्या चालवण्यात सहज लक्षात येत नाही. भंगारातून दुसरा मीटर आणून बसवण्याचा सल्लाही कोणी देईल. त्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात, हे विसरू नका.

निशाचर

रंगाच्या निवडीबद्दल लिहितो, कारण आपण वडिलांचा उल्लेख केला आहे. वयानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश त्यात अधिक प्रमाणात शोषला जातो. शिवाय निळ्या किरणांचा केंद्रबिंदू दृष्टिपटलाच्या किंचित अलीकडे पडत असल्याने निळे आकडे कडेला पसरल्यासारखे दिसतात, आणि प्रखर निळा प्रकाश अंधाराला सरावलेल्या डोळ्यांचा तो सरावही मोडतो. पूर्व द्रुतगती महामार्गावर पावसाळ्याच्या रात्री समोरच्या दिव्यांमुळे ओली काच आधीच चमकत असते. त्यात मीटरचा झगझगीत निळा प्रकाश काचेवर उमटला, तर वडिलांना त्रासच होईल.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. अप्पर लागल्याची खूण सर्व गाड्यांत निळीच असते. संपूर्ण मीटर निळा केला, तर ती खूण त्यात हरवते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर अप्पर पडतो आहे, हे चालकाला कळत नाही. मीटरचे काटे लाल असतील, तर निळ्या प्रकाशात तेही बहुधा काळपट दिसतात.

भांडुपकर

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. रविवारी मीटर काढून टॉर्चने पाहिले. आकडे हिरवेच दिसले आणि बल्बवर टोपी नाही, म्हणजे रंग डायलमध्ये आहे. काट्यांना हात लावणार नाही आणि निळ्याचा विचारही सोडला आहे. आता साधेच बल्ब बसवावेत की पांढरे एलईडी? आणि मीटरमधले सगळेच बल्ब बदलावेत का?

चक्रधर

डायलच्या प्रकाशाचे सर्व बल्ब एकदमच बदला. ते एकाच वयाचे असल्याने उरलेलेही लवकरच जातील. साधे बल्ब घेतलेत, तर मूळचा हिरवा रंग आणि डिमर दोन्ही जसेच्या तसे राहतील. पांढरे एलईडी कमी तापतात आणि जास्त टिकतात, पण त्यांतील निळ्या अंशामुळे हिरवा रंग थोडा निळसर होईल. तसा चालणार असेल, तर अवश्य लावा. मात्र फक्त टोकाकडून प्रकाश फेकणारे एलईडी टाळा, कारण त्यांनी डायलवर मध्येच प्रखर ठिपके पडतात आणि कडेचे आकडे फिके राहतात. चहूबाजूंनी प्रकाश देणारे घ्या. डिमर जुन्या धाटणीचा, रोध कमी-जास्त करणारा असेल, तर एलईडी फारच थोडी वीज घेत असल्याने तो फिरवूनही प्रकाश पुरेसा मंद होत नाही. वडिलांसाठी मंद करता येणे आवश्यक वाटत असेल, तर मी साधेच बल्ब सुचवीन.

इशाऱ्याच्या दिव्यांचे बल्ब मात्र बदलू नका, विशेषतः बॅटरीच्या चिन्हाचा. अनेक जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या प्रवाहावरच अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) जागा होतो. तिथे एलईडी लावला, तर प्रवाह अपुरा पडून गाडी सुरू केल्यावर चार्जिंगच न होण्याची शक्यता असते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा. मीटर बंद करून परत बसवण्याआधी कपलर (मीटरच्या वायरींचा जोड) जोडा, टर्मिनल तात्पुरते लावा आणि पार्किंग लाइट लावून पाहा. एखादा एलईडी पेटला नाही, तर तो खराब आहे असे समजू नका. त्याला प्लस-मायनस असते, म्हणून होल्डरमध्ये तो उलटा करून पुन्हा लावा.