अनुभव धागा: आठवणीत लांबी आणि वेळ एकमेकींत कशा मिसळतात?

स्मृतीवर प्रयोग करणाऱ्यांनो, मांडणी कशी करता आणि आकडे कुठे फसवतात, एवढंच लिहा. तात्त्विक वाद दुसऱ्या धाग्यावर.

---

नवख्यांनी कासासांटो आणि बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या (२००८) पद्धतीनेच सुरुवात करावी. पडद्यावर रेघ वाढत जाते. ९ लांब्या (२०० ते ८०० पिक्सेल), ९ कालावधी (१ ते ५ सेकंद), म्हणजे ८१ जोड्या. रेघ पुसली की माऊसच्या दोन क्लिकनी लांबी किंवा वेळ पुन्हा करून दाखवायची. लांब रेघ जास्त वेळ टिकल्यासारखी आठवते, उलटा परिणाम (वेळेमुळे लांबी बदलून आठवणं) जवळजवळ दिसत नाही. यातलं काय विचारणार, ते आधी कळू देऊ नका.

---

६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. २०० पिक्सेलची रेघ ५ सेकंदांत काढायची तर फ्रेममागे पिक्सेलही पुरत नाही. रेघ अडखळते, आणि ते अडखळणंच लक्षात राहतं.

शिवाय लोक मनात आकडे मोजतात! एकच अक्षर सतत पुटपुटायला लावा.

---

'उलटा परिणाम नाही' हे नजरेपुरतं खरं. काई आणि कॉनेल (२०१५) यांनी काठी न बघता चाचपायला दिली आणि सोबत सूर ऐकवला. सुराच्या कालावधीने काठीची लांबी बदलली, लांबीने वेळ बदलला नाही. काठी बघूही दिली, तेव्हा परिणाम दोन्ही दिशांनी झाला. स्पर्शाने लांबी अंधुक कळते, आणि अंधुक आठवण दुसरीकडून उसनं घेते. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. म्हणून लांबी वेळेला बदलते की वेळ लांबीला, या दिशेबद्दल दावा करण्याआधी दोन्ही आठवणी किती नेमक्या आहेत ते मोजा. तेवढी तसदी फार थोडे घेतात.

---

तीन दिव्यांचा जुना प्रयोगही करून बघा. दिवे समान अंतरावर ठेवून एकामागून एक उजळायचे. पहिल्या दोघांमधला वेळ कमी केला, तर ते जवळ वाटतात (टाउ परिणाम, हेल्सन १९३०). वेळ समान ठेवून अंतर वाढवलं तर वेळ लांबल्यासारखा वाटतो: कप्पा परिणाम, १९५३.

---

विश्लेषणात दोन खड्डे. मिलिसेकंद-प्रति-पिक्सेल आणि पिक्सेल-प्रति-मिलिसेकंद हे उतार (एक वाढलं की दुसरं किती बदलतं) थेट ताडता येत नाहीत. आधी प्रमाणित करा, म्हणजे एकाच मापावर आणा. दुसरं, छोटे कालावधी फुगतात, मोठे आक्रसतात (फिरोर्ट, १८६८), तेव्हा खरा कालावधी समीकरणात ठेवूनच लांबीचा वाटा काढा.

---

रेघ दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरू करा. नाहीतर पडद्याची कडा खूण म्हणून वापरली जाते आणि लांबीची आठवण उगाच अचूक दिसते.