मदत हवी आहे: १.३ मल्टिजेट डिझेलची जुनी गाडी घेऊ का?

नमस्कार मंडळी,

नोकरी चिपळूणला, घर कराडला. दर शनिवारी कुंभार्ली घाट चढायचा आणि रविवारी रात्री उतरायचा, असा क्रम आहे. आजवर एसटीवर भागलं. आता आईबाबांचे दवाखाने सुरू झालेत, त्यामुळे गाडी लागणारच.

एक हॅचबॅक बघून आलोय. २०१४ ची, एमएच-५० पासिंग, दुसरा मालक, मीटरवर १ लाख ३८ हजार. सव्वातीन लाख सांगतोय. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वळेल. इंजिन १.३ मल्टिजेट, म्हणजे आपल्याकडे निम्म्या डिझेल गाड्यांत असायचं तेच. बॉडी चांगली आहे, टायर नवे आहेत, क्लच नवा टाकल्याचं बिल आहे.

अडलंय ते असं. मालक म्हणतो, "नव्वदचं इंजिन आहे, घाटात पळतं." आरसीवर नुसतं १२४८ सीसी लिहिलंय. खरंखोटं कसं ओळखायचं? सर्व्हिसच्या नोंदी ६० हजारांपर्यंतच आहेत, पुढे सगळं "आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे". बिलं नाहीत. मी गेलो तेव्हा गाडी आधीच चालू करून ठेवली होती. चालवली तर आवाज ठीक वाटला, पण दुसऱ्या गिअरात पाय दाबला तेव्हा मागून काळा धूर आला, आणि खालच्या स्पीडला काहीच दम नाही, मग एकदम ओढते.

आणि मुख्य म्हणजे, एक मित्र सांगतो की या इंजिनाची टायमिंग चेन गेली की इंजिन भंगारात. ऑफिसातले एकजण म्हणतात चेन जन्मभर बघावी लागत नाही. यातलं खरं काय?

पेट्रोल घ्या असं कृपया सांगू नका. रनिंग भरपूर आहे आणि सगळा घाट आहे.

नट-बोल्ट

दोघंही अर्धं बरोबर सांगतायत. सविस्तर लिहितो, कारण या इंजिनाबद्दल गॅरेजच्या कट्ट्यावर फार काय काय ऐकायला मिळतं.

हे मूळचं फियाटचं इंजिन, २००३ मध्ये आलं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ६९.६ आणि स्ट्रोक ८२ मिलिमीटर. २००५ साली इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयरमध्ये १ ते १.४ लिटरच्या गटात पहिलं आलं होतं. आपल्याकडे फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यात बनायचं आणि परवान्यावर सुझुकीच्या मानेसरच्या कारखान्यातही. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मांझा, अर्टिगा, ब्रेझा, सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच. चार मीटरच्या आत लांबी आणि १५०० सीसीच्या आत डिझेल असेल तर एक्साइज कमी, असा तेव्हाचा नियम होता, त्यामुळे सगळ्यांना ते सोयीचं पडलं. 'राष्ट्रीय इंजिन' हे नाव उगाच नाही पडलं.

आता तुमचा नव्वदचा प्रश्न. याचे आपल्याकडे ढोबळमानाने दोन अवतार. एकात साधा टर्बो, साधारण ७५ पीएस ताकद आणि १९० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. दुसऱ्यात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलतो, ९० पीएस आणि २०० एनएम. सीसी दोन्हींचं १२४८, म्हणून आरसीवरून कळणार नाही. मॉडेल आणि व्हेरियंट घेऊन त्या वर्षाचं ब्रोशर बघा. त्या वर्षीच्या छोट्या हॅचबॅक बहुतेक ७५ वाल्याच होत्या. मालक खोटंच बोलतोय असं नाही, त्यालाही कुणीतरी तसं सांगून विकली असेल.

आता चेन. या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती बदलायचा ठरलेला किलोमीटरचा आकडा नाही. तुमचे ऑफिसवाले म्हणतात ते इथपर्यंत खरं. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. याच्या समपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरतेच, आणि ऑइल मुळात कमी असल्यामुळे ते लवकर घाण होतं. त्यात अर्धा लिटर कमी भरलं किंवा दहा हजारांच्या जागी वीस हजार ओढलं, की चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते, टेन्शनर पुरा पडत नाही. मग एखाद्या दिवशी चेन दाता सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. नशीब चांगलं असेल तर रॉकर तुटून भागतं, नाहीतर हेड उतरवायचं. तुमचा मित्र सांगतो ते हे.

म्हणून माझ्या मते १ लाख ३८ हजार हा आकडा तुमचा शत्रू नाही. वेळेवर ऑइल बदललेली दोन लाखांची गाडी मी डोळे झाकून घेईन. तुमच्या गाडीचे मधले ७८ हजार किलोमीटर कोरे आहेत, अडचण ती आहे. त्या मिस्त्रीलाच जाऊन भेटा. कराडात सापडेल. ऑइल कुठलं टाकतो आणि कधी, एवढं विचारा. चेहऱ्यावरून कळतं.

आणि गाडी पूर्ण थंड असताना बघा. सकाळी लवकर, न सांगता जा, बॉनेटवर हात ठेवा. सेल्फ मारल्यावर पहिले काही सेकंद समोरून अल्टरनेटरच्या पट्ट्याच्या बाजूला खडखड आली आणि मग थांबली, तर चेन किंवा टेन्शनर म्हातारा झालाय. डिझेलची स्वतःची टकटक असतेच, तिच्याशी गल्लत करू नका. डिझेलचा मिस्त्री बरोबर न्या, पेट्रोलवाला नको.

डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं. लेव्हल बघा.

घाटवळण

वर छान लिहिलंय. मी धुराबद्दल सांगतो, माझ्याकडेही याच इंजिनाची गाडी होती.

पाय दाबल्यावर काळा धूर याचा अर्थ डिझेल जास्त आणि हवा कमी. बहुतेक वेळा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि हवा आत घेणारा इनटेक काजळीने भरलेला असतो. गावातल्या गावात, कमी आरपीएमवर फिरणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं. उतरवून साफ करता येतो, मोठा खर्च नाही. दुसरी शक्यता इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) पाइप फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे. त्यात पिकअप जातो आणि शिट्टीसारखा आवाज येतो. पाइपला आतून थोडं तेलकट असणं चालतं, ओघळ मात्र नको. काही मिस्त्री ईजीआरला पत्रा मारून बंद करायचा सल्ला देतात. तो ऐकू नका.

धूर निळा असेल तर गाडी सोडून द्या. टर्बोचं सील तरी गेलंय नाहीतर रिंगा. सकाळी पांढरा धूर आणि उशिरा स्टार्ट असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं साचलेलं दिसलं तर तांब्याचे वॉशर गळतायत. ते वॉशर स्वस्त असतात, पण तसंच चालवत राहिलं तर इंजेक्टर आतच चिकटून बसतो आणि मग तो उपटायला जे काय करतात ते बघवत नाही.

खाली दम नाही ही तक्रार नाही, स्वभाव आहे. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. कुंभार्लीच्या वळणांवर तिसऱ्यात रेटू नका. वळणाआधीच दुसरा टाका, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवा, मजेत चढेल. आणि घाट चढून वर आल्यावर चहाला थांबलात तर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर आयडलवर राहू द्या. टर्बोचं बेअरिंग इंजिनच्या ऑइलवरच जगतं.

कोयनाकाठ

युरोपातल्या साइटवर वाचलं की याचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं?

नट-बोल्ट

तिकडच्या डीपीएफ असलेल्या गाड्यांत होतं ते. फिल्टर जाळून साफ करायला जादा डिझेल फवारलं जातं, त्यातलं काही समपमध्ये जातं. धागाकर्त्यांच्या बीएस-४ हॅचबॅकला ती भानगड नाही.

एमएच-०८

कागदांकडेही बघा. महाराष्ट्रात आरसी १५ वर्षांची, म्हणजे २०२९ नंतर नूतनीकरण आणि हरित कर. दिल्लीकडचा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा नियम आपल्याला लागू नाही, पण त्याच कारणाने तिकडच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येतात. एमएच-५० पासिंग मूळचं आहे की नंतर बदललेलं, तेवढं तपासा. पार्टची चिंता नको. मारुतीने बीएस-६ आल्यावर २०२० मध्ये डिझेल बंद केलं तरी रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की सगळं मिळतं.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. परवा पहाटे डिझेलच्या मिस्त्रीला घेऊन न सांगता गेलो. बॉनेट गार होता. सेल्फ मारला आणि नट-बोल्ट यांनी लिहिलेली खडखड आलीच, तीन-चार सेकंद, मग गप्प. धूर काळाच आहे, निळा अजिबात नाही. इंजेक्टर कोरडे. ऑइल पट्टीच्या खालच्या खुणेच्याही खाली. मालकाचा मिस्त्री म्हणाला, "कमी झालं की वरून टाकतो." बदलायचं काय ते त्याने सांगितलंच नाही. पासिंग मूळचं कराडचंच आहे, आणि ब्रोशरप्रमाणे इंजिन ७५ चं.

मालकाला चेनचं सांगितलं तर पावणेतीनवर आला. आमचा मिस्त्री म्हणतो, "घ्या, चेन बदलून चालवा, बाकी इंजिन घट्ट आहे." बाजारातला चेन सेट बराच स्वस्त मिळतोय. तो चालेल का, की कंपनीचाच घ्यायचा?

नट-बोल्ट

कंपनीचाच. आणि नुसती चेन नाही. टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट, सगळं एकदम. समप उतरेल तेव्हा ऑइल पंपाची जाळी बघायला सांगा, काजळीने बुजलेली असेल तर नवी चेनही टिकायची नाही. टायमिंग लॉक करायची हत्यारं मिस्त्रीकडे आहेत ना हे आधी विचारा, खुणा करून अंदाजाने बसवणारा नको. सगळ्याचा खर्च लिहून घ्या आणि गाडीची किंमत धरून तो अडीच लाखांच्या आत बसेल असं मालकाशी पुन्हा बोला. ऑइल खालच्या खुणेखाली होतं हे त्याच्यासमोरच दिसलंय, तो फार ताणणार नाही.

तोवर ती गाडी घाटात नेऊ नका. चेन बसेपर्यंत कराडातच राहू द्या.