ऑक्टोबरात कारखाने जोरात होते की थंड? आयआयपी खरा की पीएमआय?

भोसरीचा लेथवाला:
आज गुरुवार, आमच्या एमआयडीसीची सुट्टी, म्हणून जरा निवांत लिहितोय. ऑक्टोबर २०२५ चा पीएमआय (कंपन्यांच्या खरेदी बघणाऱ्यांना, म्हणजे पर्चेस मॅनेजरना, विचारून काढलेला आकडा) आला तेव्हा बातमी होती की उत्पादन क्षेत्र जोरात, आकडा ५९.२. मग महिन्याभराने सरकारचा आयआयपी (औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक) आला, त्याच ऑक्टोबरचा, आणि वाढ किती तर ०.४ टक्के, म्हणजे जवळपास काहीच नाही. नोव्हेंबरला बरोब्बर उलटं, पीएमआय घसरून ५६.६ आणि आयआयपी उडी मारून ६.७. देश तोच, कारखाने तेच, महिनाही तोच, मग खरं कुठलं धरायचं?

माझं मत स्पष्ट आहे, पीएमआयवर विसंबू नका. चारेकशे कंपन्यांच्या पर्चेस मॅनेजरना विचारायचं की गेल्या महिन्यापेक्षा ऑर्डरी वाढल्या, घटल्या की तेवढ्याच, आणि किती वाढल्या ते विचारायचंच नाही. आयआयपीत निदान टन, मीटर, नग मोजतात. हे चिडून लिहितोय कारण कॅश क्रेडिटची (धंद्याच्या खेळत्या कर्जाची) लिमिट वाढवायला बँकेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले मार्केट तर जोरात आहे, मग तुमचीच विक्री का पडली. माझ्याकडे सात माणसं आणि दोन सीएनसी मशीन, गाड्यांचे पार्ट करतो. मी काय उत्तर देणार?

व्याजदर:
दादा, बँकेत जे झालं ते वाईटच, पण राग चुकीच्या आकड्यावर काढताय. पीएमआय किती वाढ झाली हे सांगतो असं कुणी म्हणतच नाही. समजा शंभरातले ४० म्हणाले वाढलं, ४० म्हणाले तेवढंच, २० म्हणाले घटलं, तर ४० अधिक ४० चे निम्मे, झाले ६०. पन्नासच्या वर म्हणजे वाढलं म्हणणारे जास्त, बास. नवीन ऑर्डरी, उत्पादन, नोकऱ्या, माल पोचायला लागणारा वेळ, कच्च्या मालाचा साठा असे पाच आकडे मिसळून तो बनतो आणि सणासुदीचा परिणाम आधीच काढलेला असतो. मुख्य म्हणजे महिना संपला की एकदोन दिवसात हातात. आयआयपीला एप्रिल २०२५ पासून पुढच्या महिन्याची २८ तारीख ठरली आहे, त्याआधी तर दीड महिना थांबावं लागायचं. एप्रिल २०२० ला लॉकडाऊनमध्ये पीएमआय २७.४ आणि सेवा क्षेत्राचा ५.४ आला होता, देश किती ठप्प आहे ते कळायला आयआयपीची वाट बघावी लागली नाही.

साखरपट्टा:
आयआयपीत टन मोजतात म्हणून तो खरा, असं म्हणणाऱ्यांना जानेवारी २०१२ आठवत नसावा. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे ऊस गाळपाचा आकडा पोरंसोरंही सांगतात. त्या महिन्याची औद्योगिक वाढ आधी ६.८ टक्के जाहीर झाली आणि पुढच्या महिन्यात सुधारून १.१ केली, का तर साखरेचं उत्पादन ५८.०९ लाख टनांच्या जागी १३४.०८ लाख टन धरलं होतं. एका मालाच्या चुकीने अख्ख्या देशाचा आकडा फिरला! आणि एप्रिल २०२१ ची वाढ १३४ टक्के दाखवली होती ती वेगळीच, आदल्या वर्षी सगळं बंद म्हणून. असल्या टक्क्यांवर लोक धोरणं ठरवतात याची काळजी वाटते.

सांख्यिकी ताई:
साखरेची चूक झाली होती, मान्य. पण ती सापडली, उघडपणे सुधारली, कारण मोजलेला माल परत तपासता येतो. पर्चेस मॅनेजरचं मत कसं तपासणार?

एप्रिल २०२१ चं म्हणाल तर टक्का सोडा आणि निर्देशांक बघा, २०११-१२ ला १०० धरून १२६ च्या आसपास, म्हणजे एप्रिल २०१९ एवढाच. १३४ टक्के वाढ म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या जागेवर परत आलो, इतकंच, आणि हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून दाखवते.

आता ऑक्टोबर. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, सुट्ट्या दोन महिन्यात वाटल्या गेल्या. २०२५ ला सगळी दिवाळी ऑक्टोबरातच. आयआयपी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो आणि सण वजा करत नाही, म्हणून ऑक्टोबर खाली आणि नोव्हेंबर वर. दोन्हीची सरासरी साडेतीन टक्के, तीच घ्या. शिवाय ऑक्टोबरातही कारखान्यांचं उत्पादन १.८ टक्के वाढलंच होतं, वीज ६.९ टक्के आणि खाणकाम १.८ टक्के घटलं म्हणून एकूण आकडा पडला. वीज धरूनच आयआयपी असतो हे बातमीत कुणी सांगत नाही.

व्याजदर:
ताई, दिवाळीचं पटलं. पण मग आयआयपी वाचायला दरवेळी पंचांग घेऊन बसायचं का? आणि या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आकड्यात कुठल्या उद्योगाला किती वजन ते २०११-१२ चं, तेव्हापासून बाजार किती बदलला.

भोसरीचा लेथवाला:
ताई, दिवाळीचं गणित माझ्या लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. पण आमच्यासारखे या दोन्हीत कुठे आहेत ते सांगा ना.

सांख्यिकी ताई:
तुमचा पार्ट ज्या गाडीत बसतो ती गाडी मोजली जाते, म्हणजे तुम्हीही आडून मोजले जाता.

भोसरीचा लेथवाला:
नाही ना ताई, तिथेच घोटाळा आहे. आमच्या एका कस्टमरने बुशचं (छोट्या नळीसारख्या पार्टचं) काम स्वतःच्या प्लांटमध्ये घेतलं. गाड्या तेवढ्याच निघतात, आकडा तेवढाच, त्यांच्या पर्चेस मॅनेजरला विचारलं तर तोही म्हणेल ऑर्डरी तेवढ्याच, आणि माझी एक मशीन दुपारनंतर बंद. हे कुठल्या आकड्यात दिसतं?

सांख्यिकी ताई:
महिन्याच्या आकड्यात नाही दिसत, हे खरंय, माझं वाक्य मागे घेते. कंपनी म्हणून न नोंदलेल्या छोट्या उद्योगांची सरकारी पाहणी आहे, २०२५ पासून तिची तिमाही पत्रकंही येतात, पण तुमच्या बँकेच्या कामाला ती पुरायची नाहीत. तुम्ही एक करा, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची विक्री एकत्र करून गेल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताडून बघा, जीएसटी रिटर्नवर सगळं आहेच. घट दिवाळीमुळे असेल तर दोन महिने मिळून भरून निघेल.

भोसरीचा लेथवाला:
काढलं ताई. नुसता ऑक्टोबर धरला तर २२ टक्के खाली होतो, दोन महिने मिळून ९ टक्के खाली. म्हणजे १३ टक्क्यांची भीती दिवाळीची होती आणि ९ टक्के खरोखरच त्या बुशच्या कामाचे. सोमवारी हाच कागद घेऊन बँकेत जातो, आणि लिमिटचं नंतर बघू, आधी दुसरा कस्टमर शोधायला लागेल. चाकण किंवा रांजणगावला कुणाला टर्निंगचं (लेथवरचं) काम द्यायचं असेल तर इथेच सांगा.